एडिसनचं गोदाम, दीडशे एअर माइल आणि आंब्याचा मोसम

न्यू जर्सीतल्या एडिसनमधून भारतीय किराणा दुकानांना माल पुरवणारी ही कंपनी लहानशी आहे. दोन ट्रॅक्टर-ट्रेलर, चार सव्वीस फुटी बॉक्स ट्रक, सहा ड्रायव्हर आणि सगळ्यांचा ताळमेळ सांभाळणारी एक डिस्पॅचर. बासमती, कणीक, डाळी, मसाले, फ्रोजन पराठे असा वर्षभराचा माल, आणि एप्रिलपासून जूनपर्यंत आंबा. गोदाम रॅरिटन सेंटर या औद्योगिक वसाहतीत, न्यू जर्सी टर्नपाइकच्या १० नंबरच्या एक्झिटजवळ. आधी सगळा माल भाड्याच्या गाड्यांनी जायचा. मग मालकांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या, स्वतःचा डीओटी नंबर, म्हणजे अमेरिकी वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक, काढला, आणि ‘न्यू एंट्रंट’ म्हणून सरकारदरबारी त्यांची नोंद झाली.

अमेरिकेत नव्या वाहतूक कंपनीवर पहिले १८ महिने लक्ष असतं आणि पहिल्या १२ महिन्यांत एक सेफ्टी ऑडिट होतं. ते करते फेडरल मोटर कॅरिअर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एफएमसीएसए, किंवा तिच्या वतीने त्या राज्याची यंत्रणा. ऑडिटचं पत्र आलं तेव्हा प्रकरण आमच्याकडे आलं. आम्ही पुण्यात बसून अमेरिकी कंपन्यांचे लॉग (ड्रायव्हरच्या रोजच्या तासांची तपशीलवार नोंद), टाइमशीट आणि ड्रायव्हरच्या फायली तपासतो. एडिसनमध्ये पहाटे चारला पहिला ट्रक भरायला घेतात तेव्हा उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो, त्यामुळे हे काम म्हटलं तर बरं पडतं. कंपनीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नियम, गावं आणि अंतरं खरी आहेत.

मालकांचं म्हणणं सरळ होतं: ‘आपले सगळे ड्रायव्हर शॉर्ट हॉल. लॉग लागतच नाही. हा बघा नकाशा.’ शॉर्ट हॉल म्हणजे ठरावीक अंतरात फिरून रोज परतणारे. सोबत एक पीडीएफ. पूर्व किनाऱ्याचा नकाशा, एडिसनवर लाल ठिपका, भोवती निळं वर्तुळ, वर ठळक अक्षरात ‘१५० एअर माइल’. ऑफिसच्या भिंतीवरही हाच लावलेला. पुढचं सगळं प्रकरण या एका कागदातून उलगडत गेलं.

नियम नेमका काय मागतो

मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला अमेरिकेत साधारणपणे रोजचा लॉग ठेवावा लागतो, आणि डिसेंबर २०१७ पासून बहुतेकांना तो इएलडी या इंजिनाला जोडलेल्या यंत्रावर ठेवावा लागतो. शॉर्ट हॉलची सूट मिळाली की लॉग नाही, इएलडी नाही, आणि आठ तास गाडी चालवल्यावर घ्यावी लागणारी अर्ध्या तासाची विश्रांतीही सक्तीची नाही. रोज संध्याकाळी घरी परतणाऱ्या ड्रायव्हरला आणि त्याच्या कंपनीला ही मोठीच मोकळीक आहे.

तिच्या अटी अशा. ड्रायव्हर जिथे कामावर हजर होतो तिथेच परत येऊन त्याने सुटलं पाहिजे. त्या जागेपासून १५० एअर माइलच्या आतच दिवसभर गाडी राहिली पाहिजे. हजर झाल्यापासून सलग १४ तासांच्या आत त्याची सुटी झाली पाहिजे. दोन पाळ्यांमध्ये १० तास सलग विश्रांती. आणि कंपनीने रोजची हजर व्हायची वेळ, सुटायची वेळ आणि एकूण तास यांची खरी नोंद सहा महिने जपली पाहिजे. २९ सप्टेंबर २०२० पूर्वी मर्यादा १०० एअर माइल आणि १२ तास होती, ती त्या दिवसापासून वाढली. या कंपनीसाठी वाढीचा अर्थ असा, की एडिसनहून १०७ एअर माइलवरचं हार्टफर्ड आणि १२७ वरचं बाल्टिमोर जुन्या नियमात बाहेर होतं, नव्यात आत आलं.

गाडी चालवायची ११ तासांची मर्यादा आणि आठवड्याची ६० किंवा ७० तासांची मर्यादा मात्र शॉर्ट हॉलवाल्यालाही तशीच लागू राहते. सूट आहे ती लॉग लिहिण्यातून. झोपेतून नाही.

आता इतक्या अटींपैकी नकाशा किती दाखवतो? एक. फक्त एक. बाकीच्या सगळ्या घड्याळाच्या आणि कागदाच्या आहेत. मालकांच्या भिंतीवर एका अटीचं चित्र होतं आणि त्याच्या भरवशावर सगळ्या अटी पाळल्याचं समाधान.

वर्तुळ कसं काढलं होतं

एअर माइल म्हणजे समुद्री मैल, १,८५२ मीटरचा. म्हणजे १५० एअर माइल हे रस्त्यावरच्या पाट्यांच्या हिशोबाने १७२.६ मैल होतात, आपल्या हिशोबाने २७७.८ किलोमीटर. पुष्कळ लोक सरळ १५० साधे मैल धरून वर्तुळ काढतात. त्यात कायदा मोडत नाही, कारण वर्तुळ लहान होतं. पण १५० आणि १७२.६ यांच्यातल्या कड्यात बसणारा प्रदेश फुकट हातचा जातो, आणि तो आतल्या वर्तुळाच्या जवळजवळ एक तृतीयांश भरतो. ऑल्बनी या कड्यात आहे, मेरीलँडमधलं लॉरेल आणि कोलंबियाही.

दुसरा नेहमीचा गोंधळ ओडोमीटरचा. ड्रायव्हर म्हणतो, ‘आज चारशे मैल झाले, मी कसला शॉर्ट हॉल?’ पण नियमाला रस्त्याच्या मैलांशी देणंघेणं नाही. केंद्रापासून सरळ रेषेत किती लांब, एवढंच तो विचारतो. वर्तुळाच्या आत दिवसभर हिंडा, वेळेत परत या.

या दोन्ही गोष्टी मालकांना माहीत होत्या. १७२.६ हा आकडा त्यांनी बरोबर घेतला होता. गोम पुढे होती.

पहिली गोष्ट ठिपक्याची. त्यांच्या भाच्याने शोधपट्टीत ‘एडिसन’ टाइप केलं आणि नकाशाने जिथे खूण दाखवली तिथून माप घेतलं. ती खूण पडते टाउनशिपच्या मध्यावर. गोदाम रॅरिटन सेंटरमध्ये, तिथून अडीच-तीन मैल आग्नेयेला. ड्रायव्हर हजर होतो गोदामाच्या गेटवर, तेव्हा केंद्र गेटच. तीन मैलांनी काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. एरवी काही बिघडलंही नसतं. पण वॉशिंग्टनच्या बाजूला या कंपनीचं एक गिऱ्हाईक दुकान लँगली पार्कमध्ये आहे. टाउनशिपच्या मध्यापासून लँगली पार्क जवळजवळ रेषेवर येतं, इतकं की जाड निळ्या रेघेखाली ते झाकलंच जातं. गेटपासून मोजलं तर ते दोनेक मैल बाहेर. शेजारचं कॉलेज पार्क तर त्याहून मजेशीर: मध्यापासून मैलभर आत, गेटपासून केसभर बाहेर.

दुसरी गोष्ट वर्तुळाची. ते नकाशाच्या साधनाने काढलेलंच नव्हतं. स्क्रीनशॉट घेऊन, खालच्या मोजपट्टीवरून लांबी ठरवून, प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमधलं गोल त्यावर ठेवलं होतं. आपण रोज वापरतो ते वेब नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. त्यात उत्तरेकडे जाल तसा भूभाग ताणला जातो, दक्षिणेकडे आक्रसतो. त्यामुळे स्क्रीनवरचं चोख गोल जमिनीवर चोख नसतं. एडिसनच्या अक्षांशावर एवढ्या मोठ्या त्रिज्येचं असं गोल दक्षिणेला तीनेक मैल पुढे सरकतं आणि उत्तरेला तेवढंच मागे राहतं. नैर्ऋत्येला, म्हणजे वॉशिंग्टनच्या दिशेला, सुमारे दोन मैलांची चूक.

ठिपक्याची चूक आणि गोलाची चूक, दोन्ही एकाच बाजूला पडल्या. भिंतीवरच्या कागदावर लँगली पार्क आरामात आत दिसत होतं, आणि दर बुधवारी मेरीलँडच्या फेरीचा बॉक्स ट्रक बाल्टिमोर, कोलंबिया, लॉरेल करत शेवटी तिथे माल उतरवत होता. लॉगशिवाय. कंपनीने गाड्या घेतल्यापासूनचा प्रत्येक बुधवार नियमाबाहेर होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

भाच्याला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलं होतं की हा कागद ऑडिटरपुढे जाणार आहे? त्याने भिंतीसाठी चित्र काढलं.

मंगळवार, गुरुवार आणि ३० दिवस

वर्तुळाबाहेर गेलं की गुन्हा झाला असं नाही. त्या दिवशी सूट मिळत नाही, एवढंच. ड्रायव्हरने त्या दिवसाचा लॉग लिहायचा, आणि अर्ध्या तासाची विश्रांतीही त्या दिवशी लागू होते. कोणत्याही ३० दिवसांत असे लॉगचे दिवस ८ पर्यंत असतील तर कागदी लॉग चालतो. आठाच्या वर गेले की इएलडी हवं.

या कंपनीच्या दोन फेऱ्या उघडपणे बाहेरच्या होत्या. मंगळवारी व्हर्जिनियातलं हर्नडन, १६७ एअर माइलच्या पुढे. गुरुवारी बॉस्टन, १८६ च्या आसपास, वाटेत प्रॉव्हिडन्स, तेही १५५. या दोन्ही फेऱ्यांचे कागदी लॉग नीट भरलेले होते, अक्षर सुद्धा वाचता येण्याजोगं. दोन्ही फेऱ्या एकच ड्रायव्हर करायचा, सगळ्यात जुना आणि भरवशाचा. मालक अभिमानाने म्हणाले, ‘महिन्याला आठच होतात. मोजून ठेवलंय.’

मोजलं होतं, पण चार आठवड्यांचा महिना धरून. नियम ३० दिवसांचा आहे. ३० दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस. ते वरचे दोन दिवस सोमवार-मंगळवार, मंगळवार-बुधवार, बुधवार-गुरुवार किंवा गुरुवार-शुक्रवार असे पडले की मंगळवार किंवा गुरुवार पाच वेळा येतो आणि बेरीज नऊ होते. शिवाय ‘कोणत्याही ३० दिवसांत’ असं नियम म्हणतो, कॅलेंडरच्या महिन्यात नाही. म्हणजे एकही सुटी न घेता हा माणूस दोन्ही फेऱ्या करत राहिला, तर त्याची बेरीज नऊवर जाणारच. आणि बॉस्टनला बर्फामुळे रात्र काढावी लागली तर एका फेरीचे दोन दिवस.

मला स्वतःला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात शिकवणारा वाटतो. नकाशाची चूक डोळ्यांना दिसते, दुरुस्त करता येते. ही चूक कुठल्याच एका कागदावर दिसत नाही. प्रत्येक लॉग वेगळा पाहिला तर बिनचूक.

आंबा

भारतीय आंबा अमेरिकेत २००७ पासून येतो, विकिरण प्रक्रिया करूनच. लासलगाव आणि वाशीची केंद्रं आपल्याला ठाऊक आहेत. विमानाने येणारा माल, पेटीला चढा भाव, आणि गिऱ्हाईक दुकानदाराला फोन करकरून विचारणार, ‘हापूस आला का?’ दोन-तीन महिन्यांत कंपनी यावर चांगलं कमावते. आणि नेमका याच काळात तिचा सगळा जमाखर्च कोलमडतो, पैशांचा नव्हे, तासांचा.

नेवार्क विमानतळ एडिसनपासून वीसेक मैलांवर. कुठल्याही नकाशावर काढा, वर्तुळाच्या अगदी पोटात. पण विमान उशिरा येतं. माल उतरतो, कागद तपासले जातात, कस्टम्सची मोकळीक मिळेपर्यंत ट्रक थांबून राहतो. डिस्पॅचर ताईंनी, त्या मूळच्या नाशिकच्या, आम्हाला एका मे महिन्यातल्या शुक्रवारचा हिशोब दिला. ट्रेलरचा ड्रायव्हर पहाटे पाचला हजर. फिलाडेल्फियात तीन दुकानं करून दुपारी दोनला परत. तीनला त्यालाच नेवार्कला पाठवलं, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. माल हातात आला रात्री नऊनंतर. गेटमध्ये परत आला तेव्हा दहा वाजले होते.

‘पण तो तिकडे बसूनच होता ना? चालवत कुठे होता?’ हा प्रश्न मालकांनी विचारला आणि जवळजवळ प्रत्येक मालक विचारतो. ट्रकपाशी मालाची वाट पाहत बसणं ही ड्युटीच आहे. पहाटे पाचपासूनचे १४ तास संध्याकाळी सातला संपले. सातनंतर त्याने ट्रेलर रस्त्यावर आणायलाच नको होता.

इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण लोक इथेच गल्लत करतात. वर्तुळाबाहेर गेलात तर लॉग लिहून मोकळे होता. १४ तासांनंतर गाडी चालवलीत तर लॉग लिहून काही सुटत नाही. तो मूळ नियमाचाच भंग आहे, फक्त आता तो लॉगमध्ये स्वच्छ दिसतो. आठवड्यातून एकदा १६ तासांपर्यंत ताणण्याची एक वेगळी सवलत आहे, पण तिलाही अटी आहेत: आधीच्या पाच पाळ्या त्याच ठिकाणी संपलेल्या हव्यात, १६ तासांच्या आत सुटी व्हायला हवी, आणि अशा दिवशी शॉर्ट हॉल नाही, लॉग लिहावा लागतो. त्या शुक्रवारी पहाटे पाच ते रात्री दहा म्हणजे १७ तास. सवलतही पुरली नसती.

मालकांनी १६ तासांबद्दल ऐकलं होतं, पण वेगळ्याच नियमातलं. ज्या गाड्यांना सीडीएल म्हणजे व्यावसायिक परवाना लागत नाही, उदाहरणार्थ २६,००० पौंडांपर्यंतचे बॉक्स ट्रक, त्यांच्या ड्रायव्हरसाठी शॉर्ट हॉलचा एक निराळा पोटनियम आहे. त्रिज्या तीच, १५० एअर माइल. संध्याकाळी त्याच ठिकाणी परतायचं, हेही तेच. पण सात दिवसांपैकी पाच दिवस चौदाव्या तासापर्यंत आणि दोन दिवस सोळाव्या तासापर्यंत गाडी चालवता येते. कंपनीचे चारही बॉक्स ट्रक यात बसतात. ट्रेलर बसत नाहीत. कुणीतरी कुठेतरी ‘दोन दिवस सोळा तास चालतात’ असं सांगितलं आणि ते सगळ्यांना लागू झालं.

टाइमशीट

ऑडिटरने मागितलेल्या सहा महिन्यांच्या वेळेच्या नोंदी होत्या. पगारासाठी. त्यात रोजचे एकूण तास होते, बहुतेक दिवशी ‘१०’. हजर व्हायची आणि सुटायची वेळ काही ठिकाणी होती, काही ठिकाणी नव्हती, आणि जिथे होती तिथे ६:०० ते ४:००, ६:०० ते ४:००, पान भरून. इतकी शिस्त घड्याळातही नसते.

आम्ही टोलचा हिशोब मागवला. शॉर्ट हॉलवाल्या ड्रायव्हरसाठी असले पुरावे जपण्याची सक्ती कंपनीवर नाही, पण ई-झेड पासचं बिल तर दर महिन्याला येतंच, आणि ते पाहायला ऑडिटरला कुणी अडवत नाही. एका बुधवारची ओळ अशी: बाल्टिमोरचा फोर्ट मॅकहेन्री बोगदा उत्तरेकडे संध्याकाळी ५:२०, टर्नपाइक एक्झिट १० रात्री ८:४०. त्याच ड्रायव्हरची त्याच दिवसाची टाइमशीट म्हणते, चार वाजता सुटी. म्हणजे कागदावर तो एडिसनला घरी चहा पीत होता तेव्हा त्याचा ट्रक मेरीलँडमध्ये होता.

हे खोटं लिहिण्याच्या इराद्याने झालं नव्हतं. हिशोबनीस शुक्रवारी बसून आठवडाभराचं एकदम भरायचा, ठरलेले तास टाकायचा, जादा वेळेचे पैसे वेगळ्या वहीत. पण एफएमसीएसएला इरादा विचारायचा नसतो. नोंद खरी नसेल तर शॉर्ट हॉलची अट पूर्ण झाली नाही, अट पूर्ण नाही तर त्या दिवशी लॉग हवा होता, लॉग नाही तर उल्लंघन. नव्या कंपनीच्या ऑडिटमध्ये काही चुका अशा आहेत की त्यावर आपोआप नापास करतात. तपासलेल्या नोंदींपैकी ५१ टक्के किंवा जास्त ठिकाणी ड्रायव्हरकडून लॉगच घेतलेला नसणं ही त्यातली एक. सगळ्या टाइमशीटच बाद ठरल्या असत्या तर हा आकडा गाठणं अवघड नव्हतं.

खरं सांगायचं तर नकाशापेक्षा मला या शीटचीच जास्त धास्ती वाटली.

काय बदललं

जुनी कागदपत्रं रंगवायची नाहीत, हे पहिल्या फोनवरच स्पष्ट केलं. मागच्या तारखांचे लॉग आता बसून लिहिणं म्हणजे चुकीचं रूपांतर गुन्ह्यात करणं. जे होतं ते तसंच ठेवलं, आणि आजपासून काय बदललं याची तारखेसह टिपणं तयार केली.

भिंतीवरचा नकाशा काढला. उपग्रहाच्या चित्रावरून गोदामाच्या गेटचे अक्षांश-रेखांश घेतले, प्रत्येक दुकानाच्या मालउतार जागेचे घेतले, आणि दुकानांच्या यादीत एक रकाना वाढवला: गेटपासून सरळ अंतर, एअर माइलमध्ये. फिलाडेल्फिया ५०, लाँग आयलंडवरचं हिक्सविल ४१, न्यू हेवन ८१, लॉरेल १४३, लँगली पार्क १५१ च्या वर. डिस्पॅचला ऑर्डर घेताना चित्र बघत बसायला वेळ नसतो. आकडा एका नजरेत कळतो. १४५ पर्यंत हिरवा, १४५ ते १५० पिवळा, पुढे लाल.

पिवळा पट्टा कशासाठी, असं ताईंनी विचारलं. दोन कारणं. पृथ्वी चेंडूसारखी धरून केलेला हिशोब आणि तिचा खरा, ध्रुवांवर किंचित चपटा आकार धरून केलेला, यांत काठावर थोडा फरक पडतो. आणि नियम फक्त दुकानाची जागा पाहत नाही, गाडी दिवसभर कुठे कुठे गेली ते पाहतो. काठावरच्या दुकानात माल उतरवून ड्रायव्हर स्वस्त डिझेलसाठी दोन मैल पुढे गेला, किंवा वळण रस्त्याने बेल्टवेवर, म्हणजे वॉशिंग्टनभोवतीच्या महामार्गावर, चढला, की दुकान आत आणि ट्रक बाहेर.

लँगली पार्कचं कोडं मालकांनीच सोडवलं. बुधवारच्या फेरीतून ते दुकान काढून मंगळवारच्या हर्नडनच्या फेरीत टाकलं. त्या दिवशी लॉग असतोच. दुकानदार आधी कुरकुरला, मग मंगळवारी ताजी कोथिंबीर मिळायला लागल्यावर गप्प बसला.

बॉस्टनची फेरी दुसऱ्या ट्रेलर-ड्रायव्हरकडे दिली. आता एकाकडे मंगळवार, दुसऱ्याकडे गुरुवार. कोणत्याही ३० दिवसांत प्रत्येकाचे चार किंवा पाच. अधूनमधून काही झालं तरी आठाच्या आत राहायला जागा उरते. ताईंच्या शीटमध्ये प्रत्येक ड्रायव्हरच्या नावापुढे मागच्या ३० दिवसांतले लॉगचे दिवस आपोआप मोजले जातात आणि सातला रकाना पिवळा होतो. आमचा सल्ला दोन्ही ट्रेलरना इएलडी लावून टाका असा होता. मालकांना तो खर्च नको होता. माझ्या मते ते चुकले, कारण पहिला ड्रायव्हर आजारी पडला की दुसऱ्यावर दोन्ही फेऱ्या येणार. पण निर्णय त्यांचा.

आंब्यासाठी पाळी बदलली. मोसमात एक बॉक्स ट्रक आणि त्याचा ड्रायव्हर सकाळी येतच नाही, दुपारी बाराला हजर होतो. विमान कितीही रखडलं तरी त्याचे १४ तास रात्री दोनला संपतात. सोळा तासांचे दोन दिवस त्याच्याकडे आहेत, पण ते वेळापत्रकात धरायचे नाहीत असं ठरलं. धरले की ते शिलकीत राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याची दहा तासांची विश्रांती पुरी होईपर्यंत त्याला फोनही करायचा नाही. हे पाळणं मालकांना सगळ्यात जड गेलं, आंबा असताना फोन न करणं म्हणजे काय!

टाइमशीट आता गेटवरच्या टॅबवर ड्रायव्हर स्वतः भरतो, येताना आणि जाताना. हिशोबनीस पगार त्यावरून काढतो. पहिल्या आठवड्यात ड्रायव्हरांना वाटलं जादा तासांचे पैसे कापणार. उलट झालं, वहीतले जे तास विसरले जायचे ते मिळायला लागले, आणि मग कुणाला पटवावं लागलं नाही.

ऑडिट दूरस्थ झालं, कागद अपलोड करून. जुन्या शीट, बुधवारच्या फेऱ्या, बेरीज नऊवर गेलेला काळ, शुक्रवारचे सतरा तास, सगळं जसंच्या तसं दिलं, सोबत बदलांची टिपणं. काही उल्लंघनं नोंदली गेली. ५१ टक्क्यांचा आकडा गाठला गेला नाही, कारण फिलाडेल्फिया आणि लाँग आयलंडच्या फेऱ्यांच्या बऱ्याच नोंदींत दोन्ही वेळा लिहिलेल्या होत्या आणि टोलशी जुळत होत्या. कंपनी उत्तीर्ण झाली.

गोदाम हलवायचं का

परवा मालकांनी नवा विषय काढला. एडिसनचं भाडं परवडत नाही, पेनसिल्व्हेनियात अ‍ॅलनटाउनच्या बाजूला गोदामं स्वस्त आहेत. त्यांनी या वेळी आधी आकड्यांचा रकाना मागितला, नकाशा नंतर. अ‍ॅलनटाउनला केंद्र धरलं तर वॉशिंग्टन १२५ एअर माइलवर येतं, हर्नडन १३२ वर. लँगली पार्कचा प्रश्नच मिटतो, मंगळवारची फेरी बिनलॉगची होते. बॉस्टन आणि प्रॉव्हिडन्स आणखी लांब जातात. हार्टफर्ड आणि ऑल्बनी १४५ च्या आसपास, म्हणजे हिरव्यातून पिवळ्याच्या उंबरठ्यावर. हिक्सविल सरळ रेषेत ९० च्या आतच आहे, पण मध्ये सगळं न्यूयॉर्क शहर आडवं पडलंय, तिथे त्रिज्येला विचारतो कोण. आणि आंबा नेवार्कलाच उतरणार, म्हणजे रात्री दोनच्या आत परतायचं अंतर वीसेक मैलांवरून सत्तर-ऐंशी मैलांवर गेलं.

त्यांनी शेवटी विचारलं, ‘ड्रायव्हर सगळे इकडेच राहतात. ते ट्रक एडिसनला घरापाशी लावतील, सकाळी तिथूनच निघतील. मग केंद्र कुठलं?’ जिथे हजर होतात आणि जिथून सुटतात ते. भाडेकरार अ‍ॅलनटाउनचा असला तरी ड्रायव्हर एडिसनमध्ये ट्रकची चावी फिरवणार असेल तर वर्तुळ एडिसनचंच राहील आणि हर्नडन पुन्हा बाहेर. तेव्हा कोणता ड्रायव्हर कुठे हजर होणार हे आधी नावानिशी ठरवा, मग प्रत्येकाचा रकाना वेगळा काढून देतो, असं त्यांना कळवलंय. यादी यायची आहे.